‘नेहमीचा त्रास’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, सरकारी दवाखान्यांतले वैद्यकीय अधिकारी, गावोगावचे फॅमिली डॉक्टर
आणि गरोदर बाईच्या केसपेपरवर ज्यांची ज्यांची सही होते ते सर्व

विषय : दाखल्यावरचे दोन शब्द

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतबहिणीने पुण्यातली नोकरी सोडली. नववा आठवडा चालू होता. दिवसाला पंधरा-सोळा उलट्या, पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता, ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोनदा चक्कर येऊन पडली. तिने रजा मागितली. ऑफिसने डॉक्टरांचा दाखला मागितला, तो तिने आणला. त्यावर लिहिलं होतं, ‘गरोदरपणातील नेहमीचा त्रास. विश्रांतीचा सल्ला.’ एचआरच्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “नेहमीचा आहे म्हणजे सगळ्यांनाच होतो की. मग सगळ्यांनाच रजा द्यावी लागेल.” खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. कागदावर होतं तेच त्यांनी वाचलं. म्हणून हे पत्र त्या बाईंना नाही, तुम्हाला आहे.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. २०१६ साली माझ्या केसपेपरवर याच अर्थाचे दोन शब्द होते, फक्त इंग्रजीत. मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे.

त्या वर्षी जूनच्या शेवटी सुरू झालं. आधी एस.टी. स्टँडवरच्या डिझेलचा वास, मग फोडणीचा, मग नवऱ्याच्या साबणाचा, आणि शेवटी पाण्याचा. पाण्याला वास असतो हे मला तेव्हा कळलं. आषाढी एकादशीला घरात सगळ्यांचा उपास होता आणि माझा आठवडाभर आधीपासूनच चाललेला. खिचडीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले तशी मी न्हाणीघरात जाऊन फरशीवर आडवी झाले ती दिवेलागणीपर्यंत तिथेच. फरशी गार असते आणि उठून कुठे धावावं लागत नाही. पोटात काही नसलं की आधी पिवळं पित्त पडतं, मग हिरवं, मग घसा सोलवटून रक्ताची रेघ येते. त्यानंतर नुसते कोरडे उमाळे. तेच सगळ्यात वाईट, बाहेर काही पडत नाही आणि बरगड्या मात्र मोडल्यासारख्या होतात. तोंडात सतत लाळ, गिळली की उलटी. म्हणून उशाशी स्टीलचा डबा असायचा.

आमच्या सासूबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी आल्याचा रस दिला, मोरावळा दिला, साळीच्या लाह्यांचं पाणी, कोकमाचं सार, आवळासुपारी, सगळं करून पाहिलं. काहीच ठरेना, तेव्हा त्यांनी एक काम केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितात ना, तिथेच त्या माझ्या उलट्या लिहायला लागल्या. दूध निळ्या पेनाने, उलट्या लाल. एक लिटर दूध, चौदा उलट्या. एक लिटर, सतरा. दीड लिटर (पाहुणे आले होते), बावीस.

त्या पंधरा-वीस दिवसांत तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, पहिलटकरणीला होतंच. दुसऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, मन कशात तरी गुंतवा, तुम्ही फार विचार करता. तिसऱ्यांनी सलाईन लावलं. दोन बाटल्या आणि घरी. चार दिवसांनी पुन्हा दोन बाटल्या आणि घरी. सासूबाईंनी कॅलेंडरचं पान फाडून पिशवीतून नेलं होतं, ते पाहून डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले. पण पान वाचलं नाही.

वाचलं ते आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी, तेही ऑगस्टमध्ये, मी नाव नोंदवायला गेले तेव्हा. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. मार्चमध्ये विम्याच्या तपासणीत माझं वजन ५२ किलो भरलं होतं. काट्याने ४५ दाखवलं. नर्सबाईंनी मला खाली उतरवून काटा रिकामा पाहिला आणि पुन्हा चढवलं. मग पुढे काही न बोलता मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. तिथे सहा दिवस ॲडमिट होते, आणि तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पहिल्यांदा नाव सांगितलं आणि लिहिलं : हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम, म्हणजे गरोदरपणातल्या टोकाच्या उलट्यांचा आजार. सासूबाईंनी ते तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. त्यांना ते भावकीत सांगायचं होतं.

आपल्या भाषेत या आजाराला शब्द नाही असं नाही. आहे, आणि तोच आडवा येतो : कडक डोहाळे. संस्कृतातल्या ‘दोहद’वरून डोहाळे आला आणि त्याच्या मुळाशी दोन हृदयांची बाई आहे, असं सांगतात. सुरेख कल्पना आहे. पण त्या शब्दात चिंचा-बोरं आहेत, झोपाळा आहे, हिरवी साडी आहे, पेढा की बर्फी आहे. आजारी बाईला त्यात जागा नाही. ‘हिचे डोहाळे फार कडक हो’ असं म्हणताना बायका सुद्धा हसतात. माझं डोहाळजेवण सातव्या महिन्यात झालं, तोवर त्रास निम्म्यावर आला होता. फुलांच्या दागिन्यांतल्या त्या फोटोत मीही हसते आहे. झोपाळ्यामागे बादली होती, ती फोटोत आलेली नाही.

दुसरी आपली रीत, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. हा आजार साधारण सहाव्या आठवड्याच्या आगेमागे सुरू होतो आणि नवव्या ते बाराव्या आठवड्यात शिगेला पोचतो. म्हणजे नेमका लपवायच्या दिवसांत. सरकारी यंत्रणेची घडीही तशीच बसली आहे. दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. चांगली योजना आहे, तिने बायका वाचतात. पण ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. लाल स्टिकर लागेपर्यंत आमचे सगळ्यात वाईट आठवडे फरशीवर निघून गेलेले असतात.

आता तक्रारी. मी डॉक्टर नाही. पण पुढची नऊ वर्षं मी या विषयावर सापडेल ते वाचलं आहे, आणि ज्यात माझा गोंधळ आहे ते इथे लिहिलेलं नाही.

पहिली तक्रार वजनाची. गरोदर होण्याआधीच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घट म्हणजे हा नेहमीचा त्रास राहिला नाही, ही जुनी आणि सोपी खूण आहे. ५२ किलोच्या बाईला ती साधारण अडीच किलोंवर लागू होते. मी सात किलो घालवले. तीन दवाखान्यांत मिळून माझं वजन शून्य वेळा झालं. दवाखान्याच्या दारातच वजनकाटा होता, एक रुपयाचं नाणं टाकून तिकीट येणारा.

‘लघवीत ॲसिटोन नाही, म्हणजे काळजीचं काही नाही’ हे वाक्यही आता मागे घ्या. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की लघवीतल्या कीटोनवरून (ॲसिटोन त्यातलंच) या आजाराची तीव्रता ठरवू नये. त्याऐवजी तीन प्रश्न आहेत : दिवसात किती तास मळमळ, किती उलट्या, किती कोरडे उमाळे. प्रत्येकी जास्तीत जास्त पाच, एकूण पंधरा गुण. तेरा आणि वर म्हणजे तीव्र. दोन मिनिटांचं काम. आमच्या कॅलेंडरवर यातलं एक उत्तर आयतं लिहिलेलं होतं.

तिसरी तक्रार मात्र सगळ्यात गंभीर, म्हणून तिच्यावर जरा थांबते. सलाईन. आपल्याकडे सलाईन हा उपचारापेक्षा प्रसाद जास्त आहे. ‘दोन बाटल्या लावल्या की ताकद येते.’ ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम एका पोळीची ताकद. तेवढंच असतं तर ठीक होतं. पण ज्या बाईने दोन-तीन आठवडे काही खाल्लेलं नाही तिच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. साखर पचवायला शरीराला तेच लागतं. अशा वेळी बी-१ न देता आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. वेर्निकेचा आजार म्हणतात त्याला. डोळे भिरभिरतात, चालताना तोल जातो, बाई असंबद्ध बोलू लागते, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. काही जणींची स्मृती परत येत नाही, काही जणी दगावतात. टाळायला एक स्वस्त इंजेक्शन पुरतं, ते ग्लुकोजच्या आधी द्यायचं. आणि मुळात अशा बाईला मिठाचं सलाईन आणि रक्त तपासून गरजेप्रमाणे पोटॅशियम लागतं, साखरेचं पाणी नव्हे. मला चारही बाटल्या ग्लुकोजच्या लागल्या होत्या. केसपेपरवर बी-१ चा उल्लेख नाही. मला काही झालं नाही. नशीब म्हणायचं आणि पुढे जायचं, पण नशिबावर प्रोटोकॉल चालत नाही हे तुम्हीच आम्हाला सांगता.

चौथी, औषधांची भीती. ती कुठून आली हे मला कळतं. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं तोवर जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. त्या धसक्याची किंमत मग चांगल्या औषधांनीही मोजली. डॉक्सिलामिन आणि बी-६ असलेली मळमळीवरची गोळी कोर्टकज्ज्यांच्या कटकटीमुळे कंपनीने १९८३ मध्ये अमेरिकेतून काढून घेतली. तिच्यामुळे बाळांना अपाय होतो असं सिद्ध झालं नव्हतं. २०१३ मध्ये तिथे तिला पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. ती पुरत नसेल तर ऑन्डॅन्सेट्रॉन आहे. पहिल्या तिमाहीत घेतल्यास ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दहा हजार बाळांमागे साधारण तीनने वाढलेला दिसला. हा आकडा बाईसमोर ठेवा ना. बावीस उलट्या एका पारड्यात आणि दहा हजारांत तीन दुसऱ्या पारड्यात, ती आणि तुम्ही मिळून ठरवा. मला मात्र ‘शक्यतो गोळ्या नको’ एवढंच सांगितलं. आमच्या पिढीतल्या बायकांना एवढा हिशेब येतो. मी तर कॅशियर आहे.

पाचवी, ‘मानसिक आहे’. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या शेऱ्याला फारशी जागा ठेवलेली नाही. गर्भ आणि वार (प्लॅसेंटा) मिळून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते मेंदूच्या मागच्या भागात मळमळ चेतवतं. ज्यांच्या अंगात गरोदर होण्याआधी त्याचं प्रमाण कमी असतं त्यांना अचानक आलेला हा लोंढा सोसत नाही. उलट बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांत ते कायम जास्त असतं, आणि गरोदरपणात त्यांना मळमळ फारच कमी होते. या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांनी १९९९ मध्ये याच आजारात स्वतःचं बाळ गमावलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनाही तेव्हा त्या वाढवून सांगतात असंच वाटलं होतं.

मनावर परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. होतो, आणि तो मी आजवर घरातही कुणाला सांगितलेला नाही. तिसऱ्या डॉक्टरांकडे दुसरं सलाईन चालू असताना नवरा औषधं आणायला गेला. तेव्हा मी त्यांना विचारलं, हे पाडता येईल का. ते म्हणाले, “एवढ्याशा त्रासासाठी?” पुढे बोलणं झालं नाही. मूल मला हवंच होतं. मला फक्त त्या फरशीवरून उठायचं होतं. त्या प्रश्नावर त्यांनी खुर्ची ओढून बसायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

(त्याच दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या होत्या, “इतकं होतंय म्हणजे मुलगी दिसतेय.” त्यांचं जाऊ द्या. पण तुमच्या दवाखान्यात गर्भलिंगनिदान होत नाही अशी पाटी असते, तिच्याखाली उभं राहून हे बोललं जाऊ नये, एवढं तरी बघा.)

आता त्या दोन शब्दांकडे परत येते. मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १० मध्ये बाळंतपणाच्या रजेखेरीज, गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत पगारी रजा होती. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही तरतूद तिच्यातही आहे. मात्र तिथे शब्द ‘आजार’ असा आहे, आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा म्हणजे तुमचा दाखला. तुम्ही ‘नेहमीचा त्रास’ लिहिता तेव्हा कायद्याने दिलेला महिना तुमच्या पेनाने खोडला जातो. माझ्या बहिणीचा खोडला गेला. मी तेव्हा बिनपगारी राहिले, कारण हे कलम मला माहीतच नव्हतं. आमच्या संस्थेच्या सचिवांनाही नव्हतं.

ब्रिटिश कादंबरीकार शार्लट ब्रॉन्टे ३१ मार्च १८५५ ला वारली, वय ३८, पहिलंच गरोदरपण. शेवटचे आठवडे तिला अन्नपाणी ठरत नव्हतं. ती याच आजाराने गेली असावी असं आज अनेकांचं मत आहे. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिलं आहे. तेव्हा या आजाराला उपचार नव्हता. आज आहे.

आणि आम्ही तर पगार, पतसंस्था, रजेचा अर्ज असलेल्या बायका. बीडकडून ऊस तोडायला येणारी बाई अर्ज कुणाकडे करणार? तिचा दिवस भरला नाही की ‘खाडा’ पडतो आणि मुकादम उचलीतून पैसे कापतो. फडातून उलटीसाठी किती वेळा बाजूला व्हायचं याचा हिशेब तिच्यासाठी लाल पेनाने कुणी लिहीत नाही. तिच्या गावच्या आशाताईला निदान हे तीन प्रश्न शिकवले, तर कोपीतल्या बाईपर्यंतही कुणी वेळेत पोचेल.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. उलट्यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं वजन करा आणि आकडा केसपेपरवर लिहा. वर सांगितलेले तीन प्रश्न विचारा आणि गुणही लिहा. काही आठवडे खाणं बंद असेल तर ग्लुकोजच्या आधी बी-१ द्या, आणि दिल्याची नोंद करा. गोळी नाकारायची तर तिचे फायदे-तोटे सांगून नाकारा. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ‘घ्यावीच लागेल’ म्हणून दामटू नका, ती थोडे दिवस थांबवता येते का ते बघा. बाईशी दोन मिनिटं एकटीशी बोला, नवरा आणि सासू बाहेर. एकदा हा आजार झालेल्या बाईला पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा तिला ते आधी सांगा आणि औषध कधी सुरू करायचं ते ठरवून ठेवा. आम्हाला एकच मुलगी आहे. दुसऱ्यासाठी मला धीर झाला नाही, आणि असा काही बेत आखता येतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आणि नाव लिहा. हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. लांब आहे, कबूल. आमच्या सासूबाईंना चौथ्या वेळेला जमलं.

कळावे,
आपली,
एक पेशंट, सातारा

सोबत : जुलै व ऑगस्ट २०१६ च्या कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स. झेरॉक्समध्ये रंग उठत नाहीत, म्हणून सांगते : चौकोनात वर लिहिलेले आकडे दुधाचे, खालचे माझे.